म्यान ही राहायची जागा नव्हे

खंडेनवमीला घरातली शस्त्रं काढून पुसायची, पाटावर मांडायची, हे साताऱ्याकडच्या आमच्या घरचं वळण मिशिगनला आल्यावरही सुटलं नाही. आजोबांची तलवार थोरल्या काकांकडे राहिली. माझ्या पाटावर असतात जुन्या शिकारी सुऱ्या. २०१७ च्या खंडेनवमीला त्यातली सगळ्यात लाडकी सुरी म्यानातून ओढली, तर ती येईना. जोर लावला तेव्हा करकरत बाहेर आली. पात्यावर तांबूस गंजाचे फोड होते आणि मुठीपुढच्या पितळी पट्टीवर मेणासारखा हिरवा चिकटा साचला होता.

ही सुरी मार्बल्सची ‘वुडक्राफ्ट’. वेबस्टर मार्बल या माणसाचा कारखाना ग्लॅडस्टनचा, म्हणजे मिशिगनच्या यू.पी.तला. (इथे यू.पी. म्हणजे अप्पर पेनिन्सुला. सुरुवातीला मी उगीच दचकायचो.) मार्बलने आधी खिशात मावेल अशी कुऱ्हाड आणि पाणी न शिरणारी काडेपेटी काढली, मग शिकारी सुऱ्या. वुडक्राफ्टचं पेटंट १९१६ चं. साडेचार इंचांचं रुंद पातं, आणि चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून दाबलेली मूठ. ही घडण पुढे इतक्या कारखान्यांनी उचलली, की अमेरिकन शिकारी सुरी म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते. माझी सुरी मला एका वारलेल्या शिकाऱ्याच्या घरच्या सामानविक्रीत मिळाली. त्याची मुलगी म्हणाली, बाबा दर १५ नोव्हेंबरला हीच कमरेला लावून जायचे. इथे बंदुकीने हरणं मारायचा हंगाम त्या दिवशी उघडतो.

एवढ्या वर्षांत त्या शिकाऱ्याच्या हातून जे झालं नाही, ते मी चार वर्षांत करून दाखवलं. आणि सगळं प्रेमापोटी. म्यान कोरडं दिसलं म्हणून गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात ते तेल त्याला पोटभर पाजलं. घोड्यांच्या खोगिरांना ते चालतं, म्हणून इथेही चालेल असं वाटलं. मग सुरी म्यानात घालून, बंद लावून, तळघरातल्या कपाटात ठेवून दिली. सुरीची जागा म्यानातच, हे कुणी शिकवावं लागतं का?

तीच चूक. म्यान सुरी नेण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नाही. चामडं हवेतली ओल ओढून घेतं आणि सोडत नाही. ते कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात शिल्लक असतात. उन्हाळ्यात इथलं तळघर ओलसर. म्हणजे पातं चार वर्षं आंबट ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखंच. हिरव्या चिकट्याचं कारण तर आपल्या आज्यांना माहीत होतं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तसंच हे. चामड्यातल्या तेलातली आम्लं पितळेतल्या तांब्याला लागली, की हा हिरवा कीट धरतो. म्यानाच्या पितळी रिव्हेटांभोवतीही तोच होता. मी जितकं तेल पाजलं, तितकी त्याची सोय केली. शिवाय तेलाने म्यान लोळागोळा झालं. मऊ म्यानात पात्याचं टोक सरळ जात नाही, शिवण कापतं. माझ्याही म्यानाचे टोकाशी चार टाके तुटले.

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण लहानपणी दारावर येणाऱ्या शिकलगाराच्या चाकाच्या ठिणग्या मनात होत्या. एका ओळखीच्या गॅरेजमध्ये विजेच्या चाकावर पातं चकाचक करून घेतलं. दहा मिनिटांत गंज गेला. त्याबरोबर कारखान्याच्या शिक्क्याची अक्षरं पुसट झाली, पात्याच्या कडा गोलावल्या आणि टोकाशी निळसर झाक आली, म्हणजे तिथलं पाणी उतरलं. पुढे एका प्रदर्शनात एका म्हाताऱ्या संग्राहकाला ती दाखवली. त्याने ती उलटसुलट केली आणि म्हणाला, ‘गंज असता तर घेतली असती. ही चकाकी नाही घेणार.’

त्याच्याच पायाशी बसून शिकलो ते सांगतो. जुन्या पोलादावरचा करडा-काळा थर हा रोग नव्हे, वय आहे. तो पात्याला थोडंफार राखतोही. काढायचा तो फक्त तांबडा, खरवडणारा गंज. त्यासाठी पात्यावर हलकं तेल लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी तांब्याच्या कडेने अलगद खरवडायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. मी अमेरिकन एक सेंटचं नाणं वापरतो. मात्र ते १९८२ च्या आधीचं हवं, नंतरची नाणी आतून जस्ताची असतात. एवढ्याने जे निघत नाही ते राहू द्यायचं. पितळेवरचा हिरवा कीट लाकडी काडीने काढायचा. मग पात्याला मेणाचा पातळ हात. ब्रिटिश म्युझियममध्ये शोधलेलं रेनेसान्स नावाचं मेण संग्राहक वापरतात. चामड्याला तेल नाही, कोरडं फडकं पुरतं.

सुरी आणि म्यान वेगळं ठेवायचं, पण त्यांची ताटातूट करायची नाही. माझ्याकडे दोघांना एकाच क्रमांकाची दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असते. म्यानाचा आकार मोडू नये म्हणून आत त्याच मापाची लाकडी सुरी. सुरी कोरड्या जागी, वरच्या मजल्यावर. आणि खंडेनवमीची वाट न बघता दर दोन महिन्यांनी एक नजर. सेल्युलॉइडच्या मुठीची जुनी सुरी असेल तर ती इतरांपासून दूरच. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शेजारच्या पात्यांना खातात.

विकत घेताना मी आता आधी म्यान बघतो. जुनं, त्याच सुरीचं म्यान सुरीपेक्षा दुर्मीळ, कारण ते फाटतं, कुत्रा चावतो, लोक फेकून देतात. मग विक्रेता कुठलंही म्यान जोडतो. वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या जोडीत पात्याचा ठसा चामड्यावर आतून उमटलेला असतो. टाक्यांचा दोरा पांढराशुभ्र नायलॉनचा असेल तर विचारपूस करा. पातं किती झिजलंय ते त्याच नमुन्याच्या जुन्या कॅटलॉगातल्या चित्राशी ताडून पाहा. मासे सोलायच्या सुऱ्यांत हे फार फसवं असतं. रापालाच्या नावाने फिनलंडच्या मार्तिनीने बनवलेल्या बर्चच्या मुठीच्या सुऱ्यांचंच उदाहरण घ्या. पातं मुळातच इतकं निमुळतं, की अर्धं झिजलेलंही नवशिक्याला पुरं वाटतं.

एक भारतासंबंधी. झोलिंगेनच्या आणि शेफील्डच्या कित्येक जुन्या सुऱ्यांच्या मुठी आपल्याकडून गेलेल्या सांबरशिंगाच्या आहेत. कौतुकाने अशी एक सुरी भावाला न्यावी असं मलाही वाटलं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा वाचल्यावर बेत सोडला. तुम्हीही त्या भानगडीत पडू नका.

ती वुडक्राफ्ट मी विकलेली नाही, घेणारही कुणी नाही. पण तुमच्या घरी भिंतीवर आजोबांची शिकारी सुरी किंवा तलवार म्यानातच टांगलेली असेल, तर ती दसऱ्यापर्यंत ठेवू नका, याच आठवड्यात उतरवा. येत नसेल तर हिसडा मारू नका. आणि म्यान मुठीत आवळू नका, पाठीच्या बाजूने धरा. धारेकडची शिवण कुजलेली असली, तर पातं चामड्यातून सरळ बोटांत येतं.