लग्नाचे व्हिडिओ चित्रण ठरविताना

लग्नसराई आली की चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा येथील चांगल्या व्हिडिओवाल्यांची तारीख मिळत नाही. मग घाईघाईत इसार दिला जातो आणि बाकी सारे तोंडी राहते. बिर्याणी कमी पडली तर दुसरी देग चढविता येते, पण निकाहची घटका पुन्हा येत नाही. म्हणून इसारापूर्वी साधा का होईना, कागद करावा, असे आम्ही सुचवितो.

प्रत्यक्ष कोण येणार, हे त्यात नावानिशी लिहावे. तेजीच्या दिवसांत एकाच तारखेची दोन-तीन कामे घेऊन रोजंदारीचा नवखा मुलगा पाठविला जातो. कॅमेरे किती, किती तास, वलीमा धरून की वगळून, हेही यावे. अहेरी-सिरोंच्याकडील कार्य असल्यास गाडीभाडे व मुक्काम कोणाकडे, हे आधीच ठरवावे. वरात उशिरा पोहोचली तर जादा तासांचा दर काय, हा वाद तर हमखास होतो. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात कॅमेरा तापून बंद पडू शकतो, तेव्हा दुसरा कॅमेरा सोबत असल्याची खात्री करावी.

पैसे तीन हप्त्यांत द्यावेत आणि शेवटचा हप्ता काम हातात पडल्यावरच द्यावा. पूर्वी मूळ कॅसेट तरी शिल्लक राहत असे. आता तेच कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरतात. त्यामुळे त्याच रात्री मूळ चित्रणाची एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी.

जनानखान्यातील चित्रणाबाबत विशेष जपावे. तेथे कॅमेरा जाणार की नाही, गेल्यास तो स्त्रीच हाताळणार काय, हे घरच्या बायकांना विचारून लिहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करून घेतलेल्या फोटो व चित्रणाचा पहिला मालक ग्राहकच असतो. मात्र उलट करार नसेल तरच. कित्येक पावत्यांच्या मागे बारीक अक्षरांत 'जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे' असे छापलेले असते. ती ओळ खोडून दोघांनी सह्या कराव्यात. नाहीतर आपल्या मुलीबाळी स्टुडिओच्या यूट्यूबवर दिसल्या, तरी बोलायला तोंड राहत नाही.

एवढे करूनही फसगत झाली तर प्रथम १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. आयोग चंद्रपूर व गडचिरोली दोन्हीकडे आहे. स्टुडिओ नागपूरचा असला तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मुदत २ वर्षांची आहे, वकील सक्तीचा नाही आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाही. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो. करार, पावती, बँकेची नोंद व व्हॉट्सॲपवरील बोलणे यांच्या प्रती तक्रारीसोबत जोडाव्यात.