अल्प खर्चात वॉल्ट्झ नृत्याचा अभ्यास

यंदाच्या स्नेहसंमेलनात काय नवीन करावे, ह्याचा खल चालला असता आमच्यापैकी एकाने 'वॉल्ट्झ' ह्या युरोपीय जोडनृत्याचे नाव सुचविले. कल्पना सर्वांना आवडली. परंतु मोठ्या शहरातील एका नृत्यवर्गाकडे चौकशी केली, तेव्हा त्यांची फी आमच्यापैकी कित्येकांच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढी निघाली. शिवाय जोडे निराळे आणि पोशाखही निराळा! हे ऐकताच ज्याने कल्पना काढली होती तोच खाली मान घालून म्हणाला, "माझे नाव वगळा." त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबतात. आता त्याला वगळावयाचे की नृत्य वगळावयाचे, असा प्रश्न उभा राहिला. दोन्ही आम्हास नको होते. म्हणून ह्या विद्येत पैसा नेमका कोठे लागतो आणि कोठे लागत नाही, हे आम्ही शोधून पाहिले. त्या शोधाची हकिकत येथे देत आहो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बॉलरूम नृत्य म्हणताच झुंबरे आणि गुळगुळीत लाकडी जमीन डोळ्यांपुढे येते. पण वॉल्ट्झचे मूळ ऑस्ट्रिया व बव्हेरिया येथील शेतकऱ्यांच्या 'लेंडलर' नावाच्या नाचात सापडते. जाड जोडे घालून, लोकवाद्यांच्या साथीवर तो नाच चाले. पुढे तो शहरांत व राजवाड्यांत शिरला, तेव्हा प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. 1816 साली लंडनच्या 'टाइम्स' पत्राने राजपुत्राच्या मेजवानीतील वॉल्ट्झला असभ्य ठरवून त्यावर कडक टीका केली होती. तेव्हा हे नृत्य मूळचे श्रीमंतांचे नव्हे. श्रीमंतांनी ते खेड्यातून नेले, एवढेच.

आता आपल्या माळशिरसकडे वळू. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आपल्या तालुक्यातून जाते आणि सदाशिवनगरजवळ पुरंदवडे येथे रिंगण होते. त्या वेळी टाळ-मृदंगावर पावली खेळणारे वारकरी कोणी पाहिले नाहीत? त्यांत आठ-दहा वर्षांची मुलेही असतात. पावलीचा वर्ग कोणी भरवीत नाही. मूल दिंडीत मोठ्यांच्या मागे उभे राहते, त्यांच्या पायांकडे पाहते, चुकते, आणि काही मुक्कामांनंतर चुकेनासे होते. धनगर समाजाच्या गजी नृत्याचेही तेच. मध्ये ढोल, भोवती हातांत रुमाल घेतलेल्या पुरुषांचे कडे, आणि कड्याच्या शेवटी एखादा नवशिका. गोमंतकातील ख्रिस्ती कुटुंबांत तर लग्नसमारंभात वॉल्ट्झच नाचतात, आणि तेथील मुले तो बहुधा आपल्या काका-मावश्यांबरोबर नाचूनच शिकतात. हे ध्यानी आल्यावर आमचा धीर वाढला.

तालाची अडचण आमच्या तबलजीने सोडविली. वॉल्ट्झ तीन-तीन मात्रांच्या गटांनी चालतो. त्यातील प्राथमिक आकृतीस, म्हणजे चौकोनास, सहा पावले लागतात. आपल्या दादऱ्याच्याही मात्रा सहाच! धा धिं ना, धा तिं ना: एका आवर्तनात एक चौकोन पुरा होतो. फरक एवढाच की दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली येते, आणि वॉल्ट्झमध्ये पहिल्याप्रमाणेच चौथ्या मात्रेवरही जोर हवा. तबलजीस हे सांगावे लागते, नाही तर दुसरे अर्धे आवर्तन पोकळ भासते.

आता पावले सांगतो. एक हात लांबी-रुंदीचा चौकोन खडूने काढावा. मुलाने डावे पाऊल पुढे टाकावे, उजवे पाऊल पुढच्या बाजूस नेऊन उजवीकडे टाकावे, आणि डावे आणून त्याला जुळवावे. ह्या तीन मात्रा झाल्या. मग उजवे पाऊल मागे, डावे मागच्या बाजूस डावीकडे, आणि उजवे त्याला जुळवावे. सहा मात्रांत गडी मूळ जागी येतो. मुलीची पावले ह्याच्या बरोबर उलट: आरंभी उजवे मागे, डावे बाजूला, उजवे जुळवून, मग डावे पुढे, उजवे बाजूला, डावे जुळवून. पुढे जाताना टाच प्रथम टेकते, मागे जाताना चवडा. दुसऱ्या मात्रेपासून शरीर किंचित उंचावते आणि तिसरीच्या अखेरीस पुन्हा खाली येते. वॉल्ट्झची लाटेसारखी डौलदार चाल ह्यातूनच उत्पन्न होते. परंतु पावले अंगवळणी पडेपर्यंत तिच्या नादी लागू नये. आम्ही लागलो आणि एक आठवडा फुकट घालविला.

खडूची युक्ती काही आमची नव्हे. अमेरिकेत आर्थर मरे ह्या नृत्यशिक्षकाने 1920 च्या सुमारास टपालाने नृत्याचे धडे विकण्यास आरंभ केला. त्यांत जमिनीवर मांडावयाच्या पावलांच्या आकृती असत. गिऱ्हाईक त्यांवर पाय ठेवीत घरच्या घरी शिके. आम्ही जुन्या वर्तमानपत्रावर स्वतःचे पाय आखून कापले. डाव्यांना लाल शाई लावली, उजव्यांना निळी.

वेगासाठीही यंत्र नको. स्पर्धांतील संथ वॉल्ट्झ मिनिटाला 28 ते 30 गट, म्हणजे सुमारे 84 ते 90 मात्रा, एवढ्या गतीने चालतो. भिंतीवरील घड्याळाचा सेकंदाचा काटा मिनिटात 60 टिकटिक करतो. आरंभी टिकटिकीला एक पाऊल टाकावे. ते साधले की दोन टिकटिकींत तीन पावले बसवावी. म्हणजे बरोबर 90 ची गती येते. गणिताच्या तासाचा असा उपयोग होईल, हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

आता घोटाळ्याची गोष्ट. ज्या मित्राने आपले नाव वगळण्यास सांगितले होते, तो लहानपणापासून गजीच्या कड्यात नाचलेला. त्याचा ताल कधीच चुकत नसे. पण कड्यात शेजाऱ्याचे जे पाऊल तेच आपले, ही त्याची सवय. समोरासमोर उभे राहिल्यावर समोरचीचे उजवे मागे जाते तेव्हा आपले डावे पुढे गेले पाहिजे, हे त्याचे पाय मानीतना. पहिल्याच दिवशी त्याने जोडीदारणीच्या अंगठ्यावर पाय दिला आणि ती लंगडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी त्यानेच तोड काढली. दोघांनी एक आडवी काठी चारही हातांनी समोर धरावी. काठी पुढे सरकली की कोणी कोठे जावयाचे ते हातांना कळते, आणि पाय हातांमागून जातात. शिवाय दोघांत दीड-दोन हातांचे अंतर राहते. मुलेमुली एकत्र नाचणार म्हणून ज्या पालकांच्या मनात किंतु होता, त्यांना आम्ही सरावास बोलाविले. काठी पाहून बहुतेकांचे समाधान झाले. दोघांचे झाले नाही. त्यांच्या मुली मैत्रिणींशी जोडी करून नाचतात, आणि खरे सांगावयाचे तर त्यांचीच पावले सर्वांत स्वच्छ पडतात. आपल्याच तालुक्यात वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे देऊळ आहे. तेथे एका आजोबांनी नातीला सांगितले म्हणे, की हा देव दोन्ही अंगांनी नाचतो, तुम्हीही दोन्ही बाजू शिका. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला मुलाची व मुलीची अशी दोन्ही पावले शिकवितो. जोडीदार गैरहजर राहिला तरी सराव अडत नाही.

जोड्यांविषयी थोडे. ह्या नृत्यासाठी तळ गुळगुळीत हवा, पण निसरडा नको. शाळेच्या ओसरीवरील शहाबादी फरशीवर रबरी तळ अडकतो आणि वळताना गुडघ्याला हिसका बसतो. आम्ही कॅनव्हासच्या जोड्यांवर जुने पायमोजे चढविले. फरशी ओली असल्यास मात्र हे कदापि करू नये. अनवाणी सराव चालतो, परंतु कोणी पाय दिलाच तर तो चांगलाच लागतो.

मग पैसा कोठेच लागत नाही काय? लागतो. पावले, ताल, वेग, हे सारे फुकट मिळाले. पण पाठ कशी धरावी, खांदे कोठे असावेत, मान कोणत्या बाजूस, हे आपले आपल्याला दिसत नाही. सहा आठवड्यांनंतर आमचे चलच्चित्र आम्ही पाहिले, तेव्हा सारेजण जमिनीत हरवलेला पैसा शोधीत असल्यासारखे दिसत होते! येथे जाणत्या शिक्षकाचा डोळाच हवा. म्हणून आम्ही सर्वांनी वर्गणी काढून एका शिक्षकांना दोन दुपारांपुरते बोलाविले. ज्यांना वर्गणी जड होती, त्यांनी ओसरी झाडण्याचे व फरशीवर खडूचे चौकोन आखण्याचे काम पत्करले. आरंभीच शिक्षक आणले असते, तर त्यांच्या दोन्ही दुपारी डावे-उजवे सांगण्यातच गेल्या असत्या. चौकोन घोटून बसला असल्यामुळे त्यांनी थेट खांद्यांना हात घातला.

सध्या आम्ही डावीकडे वळत जाणारा चौकोन करीत आहो. दर तीन मात्रांना पाव वळसा, म्हणजे बारा मात्रांत पुरी प्रदक्षिणा. उजवीकडे वळणे अद्याप साधलेले नाही. तेथे आमची एक जोडी रोज ओसरीच्या खांबावर आदळते, आणि तबलजी हसू लागल्यामुळे ठेका बंद पडतो.