थंडीच्या रात्री बागेला पाणी : पानांवर की जमिनीत?

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड व कोरडे वारे येतात आणि निफाडसारख्या भागात पारा कधीकधी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. अशा रात्री द्राक्ष व केळीच्या बागेला पाणी द्यावे, हे आपणास ठाऊक आहे. परंतु ते कोठे द्यावे यावर फायदा-तोटा ठरतो.

पाण्याची अवस्था बदलताना उष्णतेची देवघेव होते. या उष्णतेस सुप्त उष्णता म्हणतात. १ ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. उलट, थंड हवेत १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५९० कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे ७ ग्रॅम पाणी गोठून जेवढी उष्णता मिळते, त्याहून अधिक उष्णता १ ग्रॅम पाणी उडून जाताना घेऊन जाते. माठातील पाणी गार होते ते याच कारणाने.

थंड देशांत फळबागांवर तुषार सिंचनाने पाणी सोडून कळ्या वाचवितात. तेथे पाणी गोठते व उष्णता देते. मात्र बर्फ वितळू लागेपर्यंत पाणी अखंड चालू ठेवावे लागते. आपल्याकडे पारा बहुधा शून्याच्या वर असल्याने पाणी गोठत नाही, नुसते उडते. त्यातच मध्यरात्री वीज गेली व तुषार थांबले, तर भिजलेली पाने कोरड्या पानांपेक्षाही गार पडतात.

म्हणून पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी.

१) थंडीचा अंदाज मिळताच दिवसा हलके पाणी देऊन जमीन ओली ठेवावी. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते.

२) रात्री उशिरा व पहाटे विहिरीचे पाणी सरीतून किंवा ठिबकने द्यावे. हे पाणी हवेपेक्षा उबदार असते. १ लिटर पाणी १ अंशाने थंड होताना १,००० कॅलरी उष्णता सोडते.

३) पाने भिजवू नयेत. ओल्या पानांवर द्राक्षाचा केवडा रोगही बळावतो.

४) बागेत दोन तापमापके शेजारी टांगावीत. एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळावे. ओल्या तापमापकातील पारा जितका खाली, जवळजवळ तितके भिजलेले पान गार होऊ शकते. दोहोंतील फरक जास्त असेल, तर हवा कोरडी व रात्र धोक्याची समजावी.