औषध घेतलं नाही, मारलं

“औषध कधी घेतलं यांनी?” दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं आणि माझी बायको जागच्या जागी थिजली. आमच्या भागात हा प्रश्न एकाच अर्थाने विचारतात. “घेतलं नाही जी, मारलं. पऱ्हाटीवर,” ती म्हणाली. तरीही तिला बाजूला नेऊन दोनदा विचारलंच. घरात भांडण झालं का? कर्ज आहे का? यात डॉक्टरांचा दोष नाही. यवतमाळ जिल्ह्यातला कापूसवाला तोंडाला फेस आलेल्या अवस्थेत समोर आला, तर हे विचारावंच लागतं. मला त्यातलं काही आठवत नाही. बायकोने नंतर सांगितलं ते लिहितो आहे.

ही गोष्ट सप्टेंबर २०१७ ची. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसं गेली आणि ८०० च्या वर लोकांना दवाखाना गाठावा लागला. त्यात माझ्यासारखे स्वतःच्या वावरात फवारणारे होते, तसे रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. बातम्या आल्या, चौकशा झाल्या, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर काही दिवस बंदीही आली. मी सांगतो आहे ते त्याच्या अलीकडचं, माझ्या ढोलातलं आणि माझ्या अंगावरचं.

त्या वर्षी पऱ्हाटी छातीच्या वर गेली होती, काही ठिकाणी डोक्याला लागत होती. एवढ्या उंच पिकात नळी वर धरूनच फवारावं लागतं आणि वर मारलेलं तुमच्याच तोंडावर उतरतं. मी नवाच बॅटरीवरचा पंप घेतला होता. काम दुप्पट होतं म्हणून खूश होतो; अंगावर येणारंही दुप्पट, हा हिशेब काही केला नव्हता. कृषी केंद्रातून अळीसाठी एक, तुडतुड्यांसाठी दुसरं आणि पीक हिरवंगार राहावं म्हणून टॉनिक असं आणलं होतं. तिन्ही एकाच ढोलात ओतली. काठी सापडेना, म्हणून हात घातला आणि कोपरापर्यंत ढवळलं. माप म्हणजे डब्याचं झाकण. धुऱ्यापलीकडचा पंपाला तीन झाकणं टाकतो, म्हणून माझीही तीन. पंपाचं झाकण झिरपत होतं. पाठ भिजली, पाठीवरून ओल पँटीत उतरली. खोटं कशाला सांगू, त्या दमट उन्हात ते गार बरं वाटत होतं.

पहिल्या दिवशी डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी मळमळ आणि रात्री जेवण गेलं नाही. घरचे म्हणाले, ऊन लागलं. गावातल्या डॉक्टरने सलाईन लावून तेच सांगितलं आणि मला ते पटलंही, कारण पोळ्यानंतरचं ऊन खरोखर वाईट असतं. सकाळी जरा हुशारी वाटली, तसा पंप पुन्हा पाठीवर घेतला. माझ्या सगळ्या चुकांत मोठी चूक हीच. हात घालून ढवळणं हा अडाणीपणा होता. पण दोन दिवस शरीर सांगत असताना तिसऱ्या दिवशी वावरात जाणं, याला काय म्हणावं?

तिसऱ्या दिवशी दुपारी भावाला फोन लावायला मोबाइल काढला, तर आकडेच दिसेनात. लाळ आवरेना. मग मांडीचं मांस आपोआप फडफडायला लागलं, बैलाच्या अंगावर माशी बसली की त्याची कातडी थरथरते ना, तसं. तेवढंच माझं मला आठवतं. भावाने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं आणि निघताना एक शहाणपण केलं. धुऱ्यावर पडलेले डबे पिशवीत घालून सोबत घेतले. डॉक्टरांनी डब्यावरचं नाव वाचलं, माझ्या बुबुळात बॅटरी मारली आणि उतारा म्हणून ॲट्रोपीन सुरू केलं. विषाने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

पुढे बरं वाटल्यावर त्यांनीच समजावलं. नस स्नायूला किंवा ग्रंथीला हुकूम देते तेव्हा एक रसायन सुटतं, आणि काम झालं की ते मोडून टाकणारं एक विकर शरीरात असतं, कोलिनएस्टरेज. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट ही सगळी एकाच कुळातली विषं, ती या विकरालाच धरून बसतात. मोटार सुरू झाली आणि बंद करायचं बटणच जळालं, असा प्रकार. मग लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणी वाहतच राहतं, स्नायू फडफडत राहतात, शेवटी श्वास अडतो. अळी याच वाटेने मरते आणि माणूसही. त्यातली मेख अशी की हे विकर एका रात्रीत भरून येत नाही. आठवडे, कधी महिने जातात. म्हणजे सोमवारचं विष मंगळवारी संपलेलं नसतं, त्यावर मंगळवारचं चढतं. सलाईनने मला हुशारी आली होती, पण आतला खड्डा तसाच होता.

त्या ॲट्रोपीनची एक गंमत सांगतो. ते ज्या कुळातून येतं, त्याच कुळातला आपला धोतरा, महादेवाला वाहतो तो. पण हे वाचून कुणी घरी धोतरा उगाळू नका. तोही जीव घेतो.

मला वाटायचं, विष नाकातोंडातून जातं; रुमाल बांधला की झालं. हे कुळ कातडीतूनही आत शिरतं, आणि कपाळ, मान, जांघ इथून हाताच्या कातडीपेक्षा किती तरी लवकर. भिजलेला रुमाल तर विषाची पट्टी तोंडावर बांधल्यासारखाच. त्यात आमचा तंबाखू-सुपारीचा खर्रा. फवारता फवारता त्याच हाताने घोटायचा आणि त्याच हाताने तोंडात टाकायचा. संध्याकाळी ते कपडे बायको इतर कपड्यांत भिजवायची. पोरीचा शाळेचा गणवेश त्याच बादलीत. फवारणीच्या दिवसांत बायकोचंही डोकं दुखायचं. ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

आता अवघड कबुली. पऱ्हाटीच्या कडेला आमची वांगी असायची, बाजारापुरती. त्यातली एक ओळ घरची. त्या ओळीवर मी कधीच फवारत नसे. बाकीच्या वांग्यांवर मोनोक्रोटोफॉसही मारलं आहे. भाजीपाल्यावर ते वापरायला देशात २००५ पासून मनाई आहे हे मला माहीत नव्हतं. पण घरची ओळ सोडायची, एवढं मात्र बरोबर माहीत होतं. वांगी दर तीन-चार दिवसांनी तोडावी लागतात. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस थांबायचं हे माहितीपत्रकावर छापलेलं असतं. ते दिवस जास्त निघाले, तर एक तोडा फुकट घालवावा लागतो, नाहीतर गिऱ्हाइकाला विष विकावं लागतं. मी तोडा फुकट घालवला नाही. शहरातल्या बहिणी विचारतात, मिठाच्या पाण्यात धुतलं की जातं का? वरवरचं बरंचसं जातं, म्हणून धुवाच. पण आंतरप्रवाही विष झाडाच्या रसातून फळात उतरलेलं असतं. तिथवर पाणी पोचत नाही. ते थांबवायची जागा तुमचं सिंक नाही, माझा धुरा आहे.

म्हणून धुऱ्यावरच्यांना सांगतो. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि हिरवा आहे म्हणून ते पाणी नव्हे. दुकानदाराने सांगितली म्हणून दोन-तीन विषं एकत्र करू नका. हातात रबरी मोजे, ढवळायला काठी. गळका पंप आधी दुरुस्त करा, फवारणी एक दिवस उशिरा झाली तरी चालेल. डोक्याइतक्या पिकात शिरूच नका. कपडे वावरातच बदला, साबणाने अंघोळ करा आणि ते कपडे ज्याचे त्याने वेगळ्या बादलीत धुवा. रिकाम्या डब्याला भोकं पाडा. स्वच्छ धुतला म्हणून त्यात तेल-पाणी भरू नका. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली. त्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं होतं.

आणि फवारताना मळमळलं, नजर अंधुक झाली, लाळ सुटली, तर ऊन लागलं म्हणत सावलीत लिंबूपाणी पाजत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने धुवा, १०८ ला फोन लावा, डबा पिशवीत घाला. दवाखान्याच्या दारात ‘औषध’ हा शब्द तेवढा उच्चारू नका. ‘फवारताना विषबाधा झाली, हा घ्या डबा’ असं सांगा.