उतारवयातील बळ आणि तोल

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात सकाळी फिरावयास येणारे वृद्ध स्त्री-पुरुष नित्य दिसतात. सवय हितकर खरी. परंतु केवळ चालण्याने मांड्यांचे बळ फारसे वाढत नाही. ते क्षीण झाले की तोल सावरत नाही, न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते.

उतारवयात बळ वाढत नाही, हा समज निराधार आहे. बोस्टन येथील १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या १० वृद्धांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या ९ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. व्यायाम थांबताच मात्र ४ आठवड्यांत ते ३२ टक्क्यांनी घटले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींस आठवड्यातून किमान ३ दिवस बळाचा व तोलाचा व्यायाम सुचविला आहे. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ओट्याच्या आधाराने टाचा उचलणे, भिंतीलगत एका पायावर उभे राहणे, एवढे प्रारंभास पुरे. पुढे भार क्रमाने वाढवावा. (पाटावर बसून जेवणाऱ्यांना यातील पहिला व्यायाम अनायासे घडत असे!) हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.