सौद्यांचे दप्तर : विक्रीच्या क्षेत्रातील एक वेगळी वाट

पदवी हाती आलेल्या मुलाने किंवा मुलीने घरी येऊन आपल्याला ‘सेल्स’मध्ये नोकरी मिळाल्याचे सांगावे, आणि आईवडिलांनी तोंडाने अभिनंदन करीत असतानाच मनात मात्र उन्हातान्हात दारोदार हिंडणारा, महिनाअखेरीस ठरलेला आकडा गाठला नाही म्हणून वरिष्ठांची बोलणी खाणारा आणि चाळिशीतच थकलेला विक्रेता पाहावा, हा प्रसंग महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना नवा नाही. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. विमा, कर्जे आणि घरबांधणी यांच्या बाजारात अशा नोकऱ्या आजही आहेत आणि त्यांत कोवळ्या मुलांची ओढाताण होते हे खरे आहे. परंतु याच विक्रीच्या पोटात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक निराळा व्यवसाय वाढीस लागला आहे, की ज्यात बोलघेवडेपणापेक्षा टापटिपीला, स्मरणापेक्षा नोंदीला आणि आग्रहापेक्षा अचूक अनुमानाला अधिक मोल आहे. आणि जी मुले अबोल म्हणून आपण विक्रीपासून दूर ठेवतो, त्यांतीलच कित्येक या कामाला विशेष लायक असतात अशी माझी धारणा आहे. ग्राहकसंबंधांचा व्यवहार सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीवर, बाजारात जिला सर्वजण ‘सीआरएम’ म्हणतात तिच्यावर, सौद्यांचे दप्तर राखण्याचा हा व्यवसाय आहे.

त्याचे स्वरूप नीट कळावे म्हणून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगची यंत्रे तयार करणारा एक मध्यम कारखाना कल्पावा. त्याच्याकडे एन्क्वायरी येते ती कधी प्रदर्शनातील स्टॉलवर, कधी इंटरनेटवरून, तर कधी जुन्या गिऱ्हाइकाच्या शिफारशीने. अशी एन्क्वायरी म्हणजे अद्याप नुसती ‘लीड’ होय. विचारणाऱ्याला खरोखरच यंत्र हवे आहे काय, त्याच्याजवळ पैशाची तरतूद आहे काय, निर्णय त्याच्या हाती आहे की मालकाच्या, आणि यंत्र दिवाळीपूर्वी हवे आहे की पुढच्या आर्थिक वर्षात, एवढी विचारपूस झाल्यावरच तिला सौद्याचा दर्जा मिळतो. मग कारखान्याला भेट, नमुन्याच्या मालावर चाचणी, तांत्रिक चर्चा, कोटेशन, भावाची घासाघीस, आगाऊ रकमेच्या अटी आणि अखेर पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, अशा पायऱ्या एकामागून एक येतात, आणि पहिल्या फोनपासून पीओपर्यंत चार-सहा महिने सहज निघून जातात. एकाच वेळी निरनिराळ्या पायऱ्यांवर असलेल्या अशा सर्व सौद्यांना मिळून ‘पाइपलाइन’ म्हणतात. पुष्कळ कारखान्यांत ही पाइपलाइन आजही विक्री-इंजिनिअरच्या डायरीत, त्याच्या व्हॉट्सॲपवर आणि उरलेली त्याच्या डोक्यात असते. तो नोकरी सोडून गेला की कोणत्या पार्टीला कोणता भाव कबूल केला होता आणि कोणाला दसऱ्यानंतर फोन करण्याचा वायदा होता, ही सारी माहिती त्याच्याबरोबर जाते, आणि मालकाला आपल्याच गिऱ्हाइकाची ओळख नव्याने करून घ्यावी लागते.

सीआरएममध्ये प्रत्येक सौद्याला स्वतंत्र पान असते. त्यावर रक्कम, सध्याची पायरी, सौदा पक्का होण्याची अपेक्षित तारीख, निर्णय घेणाऱ्या व्यक्तीचे नाव, आजवर झालेल्या बोलण्याचा तपशील आणि पुढील कृतीची मुदत, एवढ्या गोष्टी नोंदलेल्या असतात. यांतील शेवटच्या नोंदीचे महत्त्व नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ज्या सौद्यापुढे पुढील कृतीची तारीख नाही तो सौदा, रक्कम कितीही मोठी असली तरी, बहुधा मृतवत झालेला असतो. म्हणून दर सोमवारी अशा बेवारस सौद्यांची यादी काढून संबंधित विक्रेत्याकडे तगादा लावणे, हे या दप्तराची जोखीम ज्याच्यावर असते त्याचे पहिले कर्तव्य मानले जाते.

विक्रीला शिस्त लावण्याची ही बुद्धी काही संगणकामुळे आलेली नाही. अमेरिकेतील डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा कारभार 1884 साली हाती घेणाऱ्या जॉन पॅटर्सन यांनी आपल्या विक्रेत्यांना मुलूख वाटून दिले, आणि 1887 साली तर विक्रीच्या संभाषणाची छापील पुस्तिकाच त्यांच्या हाती ठेवली. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना आपले पहिले लोखंडी नांगर खपविण्यासाठी, लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे, दोन वर्षे लागली ही हकीकत प्रसिद्ध आहे. नवे यंत्र विकणे म्हणजे दीर्घकाळ चालणारा संवाद असतो, हे त्या हकीकतीवरून कळते. संगणकावर हे काम मोठ्या प्रमाणावर आले ते 1993 साली स्थापन झालेल्या सीबेल सिस्टिम्समुळे, आणि ते इंटरनेटवरून, मासिक वा वार्षिक वर्गणीवर उपलब्ध करून दिले ते 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या सेल्सफोर्सने. चेन्नईच्या झोहोने 2005 साली आपली प्रणाली आणली, आणि लहान उद्योगांना परवडेल असा पर्याय आपल्या देशातच तयार झाला. मराठी मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की या प्रणाली बसविण्याचे, गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे त्यांत फेरफार करण्याचे आणि चालू ठेवण्याचे काम पुण्यात, मुंबईत आणि आता थोड्याबहुत प्रमाणात नाशिक-नागपुरातही चालते.

आता या विद्येच्या गाभ्याकडे वळू, कारण येथेच चांगला कामगार आणि नुसता माहिती भरणारा यांतील अंतर दिसते. प्रत्येक पायरीला यशाची एक टक्केवारी जोडलेली असते. तिने रकमेला गुणले आणि सर्व सौद्यांची बेरीज केली की पुढील तिमाहीच्या विक्रीचा अंदाज निघतो. समजा, तीन सौदे आहेत : 12 लाखांचा सौदा 25 टक्क्यांवर, 30 लाखांचा 50 टक्क्यांवर आणि 8 लाखांचा 75 टक्क्यांवर. कागदावरची एकूण रक्कम 50 लाख होते, पण भारित अंदाज 3, 15 आणि 6 मिळून 24 लाखांचाच निघतो. गणित सोपे आहे. त्याचा अर्थ लावणे सोपे नाही. या तीन सौद्यांतून 24 लाख प्रत्यक्षात कधीच हाती येणार नाहीत, कारण सौदा एक तर पुरा येतो किंवा मुळीच येत नाही, आणि कोणतेही सौदे जिंकले तरी बेरीज 20 किंवा 30 लाख अशी काही होऊ शकेल, पण 24 होणार नाही. साठ-सत्तर सौदे असले म्हणजे हा अंदाज विश्वासास पात्र होतो. तीन असले तर प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. जो उमेदवार एवढी गोष्ट मुलाखतीत शांतपणे समजावून सांगू शकतो, त्याला संख्येमागचा व्यवहार कळतो हे समोरच्याला तत्काळ उमगते.

याच्याच पुढची गोष्ट टक्केवारीच्या उगमाची. सेल्सफोर्स घेतल्यावर जी पायऱ्यांची योजना आयती मिळते, तीत कोटेशन दिलेल्या सौद्याला 75 टक्के आणि वाटाघाटीत असलेल्याला 90 टक्के शक्यता धरलेली असते. परंतु आपल्या भोसरीच्या कारखान्याने गतवर्षी दिलेल्या कोटेशनांपैकी पाचांतून एकाचीच ऑर्डर झाली असेल, तर त्याच्यासाठी 75 हा आकडा असत्य आहे आणि त्यावर रचलेला प्रत्येक अंदाज मालकाला खोट्या भरवशावर कच्चा माल खरेदी करावयास लावील. मागील दोन-तीन वर्षांच्या नोंदी काढून, त्यांची हिशेबाशी रुजवात घालून, कारखान्याची स्वतःची टक्केवारी निश्चित करणे, हे खरे बुद्धीचे काम होय. आणि ते करण्यासाठी वक्तृत्व लागत नाही, चिकाटी लागते.

मात्र चिकाटीबरोबर थोडे धैर्यही लागते, आणि हे मी पालकांना आवर्जून सांगू इच्छितो. मार्च जवळ आला की आकडा फुगवण्याचा मोह विक्रेत्यापासून संचालकापर्यंत सर्वांना होतो; हरलेला सौदा ‘चालू’ दाखविणे, अपेक्षित तारीख दर महिन्याला पुढे ढकलीत राहणे, किंवा गिऱ्हाइकाने तोंडी ‘बघू’ म्हटले की त्यास वाटाघाटीच्या पायरीवर चढविणे, हे प्रकार सर्रास घडतात. अशा वेळी दप्तर सांभाळणाऱ्या कनिष्ठ व्यक्तीने, उद्धटपणा न करता, ‘या सौद्याची तारीख तिसऱ्यांदा बदलली आहे, पार्टीशी शेवटचे बोलणे केव्हा झाले?’ असे विचारावे लागते. ज्या घरात मुलाला दुकानाचा किंवा सोसायटीचा हिशेब पैशापैशापर्यंत जुळविण्याची सवय लावली गेली आहे, त्या घराने त्याला या प्रश्नासाठी नकळत तयार केलेले असते.

या क्षेत्रात प्रवेश करण्याचे मार्ग अनेक आहेत. ज्यांना माणसांशी बोलण्याची आवड आहे त्यांनी ‘इनसाइड सेल्स’मध्ये एन्क्वायरी तपासण्यापासून आरंभ करावा. ज्यांना व्यवस्था आवडते त्यांच्यासाठी ‘सेल्स ऑपरेशन्स’ हे खाते आहे, जेथे अहवाल, अंदाज, मुलूखवाटणी आणि विक्रेत्यांच्या इन्सेंटिव्हचा हिशेब चालतो, बी.कॉम. झालेल्या आणि एक्सेलवर हात बसलेल्या मुलामुलींना ते विशेष मानवते. त्याच्या पलीकडे प्रणालीचा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असतो : कोणाला काय दिसावे, कोणते रकाने अनिवार्य असावेत, किती सवलतीपुढे वरिष्ठांची मंजुरी लागावी, हे सारे तो ठरवून बसवितो. प्रोग्रॅमिंगची गोडी असलेल्यांना सेल्सफोर्समधील ॲपेक्स किंवा झोहोमधील डेल्यूज या भाषांचा मार्ग मोकळा आहे, पण संगणकशास्त्राची पदवी नाही म्हणून कोणी खचून जाऊ नये. पहिल्या तिन्ही कामांना ती अपरिहार्य नाही, आणि विक्रीचा व्यवहार प्रत्यक्ष पाहिलेला वाणिज्य शाखेचा पदवीधर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुष्कळदा सरस ठरतो.

शिक्षणाच्या बाबतीत माझा सल्ला स्पष्ट आहे : आरंभी मोठी फी भरून कोणताही क्लास लावू नये. सेल्सफोर्सचे ‘ट्रेलहेड’ हे शिकवणीचे दालन 2014 पासून विनामूल्य खुले आहे आणि सरावासाठी डेव्हलपर एडिशनचे खातेही फुकट मिळते. झोहोची मोफत आवृत्ती तीन जणांपर्यंत वापरता येते. हबस्पॉट या आणखी एका सीआरएमचीही प्राथमिक आवृत्ती मोफत आहे. हजारो रुपयांची फी आणि ‘शंभर टक्के नोकरी’ची हमी देणाऱ्या जाहिराती पाहून ज्या पालकांनी मुदतठेव मोडण्याचा विचार चालविला असेल, त्यांनी मुलाला प्रथम दोन महिने या मोफत साधनांवर बसवावे आणि तो स्वतःहून रोज बसतो की नाही ते पाहावे. त्यानंतर अधिकृत परीक्षा द्यावयाची तर द्यावी. प्रमाणपत्राने अर्ज वाचला जातो, पुढचे काम अनुभव करतो.

आणि अनुभव नोकरीपूर्वीही मिळविता येतो. गावात कोणाचे सोलरचे, फर्निचरचे, मंडप-केटरिंगचे किंवा पंपदुरुस्तीचे दुकान असेल, तर त्या मालकाची परवानगी घेऊन एका मोसमातील सर्व एन्क्वायऱ्या मोफत प्रणालीवर भराव्या, प्रत्येकीचा शेवट काय झाला ते नोंदवावे, आणि हुकलेल्या कामांची कारणे, म्हणजे भाव, उशीर, मालाचा अभाव की नुसता फोन करावयाचा राहिला, अशी वेगळी काढून त्याला दाखवावी. ‘फोन करावयाचा राहिला’ या सदरात किती रक्कम निघते हे पाहून अनेक मालक थक्क होतात. मात्र ही माहिती लोकांची आहे, हे भान ठेवावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा नोंदी बाळगणाऱ्यांवर जबाबदारी टाकलेली आहे, आणि गिऱ्हाइकांची यादी पेन ड्राइव्हवर घरी नेणे किंवा पुढच्या नोकरीत वापरणे हा गुन्हेगारी स्वरूपाचा अविचार ठरू शकतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे काम उरेल काय, हा प्रश्न हल्ली प्रत्येक घरात विचारला जातो, आणि तो रास्त आहे. फोनवरील संभाषणाचा सारांश लिहिणे, ईमेलमधून तारखा आणि नावे उचलून रकाने भरणे, ही कामे प्रणाली आता स्वतःच करू लागल्या आहेत. केवळ माहिती भरण्यावर ज्याचा चरितार्थ अवलंबून आहे त्याने सावध व्हावे. परंतु यंत्राने भरलेली नोंद खरी आहे काय, गिऱ्हाइकाच्या ‘कळवतो’चा अर्थ होकार की नकार, आणि पायऱ्यांची मूळ योजनाच या धंद्याला लागू आहे काय, याचा निवाडा करणारा माणूस लागणारच आहे. म्हणून आरंभापासूनच भरण्याच्या कामाबरोबर तपासण्याचे काम मागून घ्यावे.

नोकरीचा स्वीकार करण्यापूर्वी पगाराच्या पत्रात निश्चित वेतन किती आणि आकड्याशी बांधलेले किती, हे वेगवेगळे विचारून घ्यावे. सेल्स ऑपरेशन्स आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या जागेला बहुतांश वेतन निश्चित असावे, आणि तसे नसेल तर नाव काही असो, ती जागा विक्रेत्याचीच समजावी. मुलाखतीच्या शेवटी उमेदवाराला प्रश्न विचारण्याची संधी देतात, तेव्हा एवढेच विचारावे, की गेल्या वर्षी हरलेल्या सौद्यांची कारणे आपल्याकडे कोठे नोंदलेली आहेत आणि ती कोण वाचतो. ज्या संस्थेत या प्रश्नाला नेमके उत्तर मिळेल तेथे थोड्या कमी पगारावरही रुजू व्हावे. जेथे उत्तरादाखल पुढच्या वर्षीचा आकडा ऐकविला जाईल, तेथे दुसरा पर्याय हाती येईपर्यंत होकार राखून ठेवावा.