ज्याचे विवरणपत्र, त्याचीच किल्ली

गरीब माणसाचा आयकराशी संबंध तो काय, असा प्रश्न उज्जैनमधील माझ्या अनेक सुशिक्षित स्नेह्यांनी मला वेळोवेळी विचारला आहे, आणि त्या प्रश्नाच्या मुळाशी असलेली समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिचे उत्तर थोडे विस्ताराने देणे मला प्राप्त वाटते. ज्याचे वार्षिक उत्पन्न करपात्र मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे त्याच्याकडून सरकारचे काही येणे नसते, हे खरे. परंतु येणे नसतानाही कर आगाऊ कापून घेतला जातो, आणि तो परत मिळवण्याचा मार्ग विवरणपत्र दाखल करणे हाच असल्यामुळे, ज्याला कायद्याने कराच्या कक्षेबाहेर ठेवले त्यालाच स्वतःचा पैसा सोडवून आणण्यासाठी कराच्या दफ्तराची पायरी चढावी लागते.

कंत्राटी कामाच्या मोबदल्यातून कंपनी वा ठेकेदार एक टक्का कर कापतो. एका देयकाची रक्कम ३०,००० रुपयांवर किंवा वर्षाची बेरीज एक लाखावर गेली की तसे करणे त्याला कायद्याने भागच असते. भैरवगढला ठशांच्या छपाईचे काम ठोक दराने घेणारा कारागीर, घरोघर जेवण पोचवणारा दुचाकीस्वार, ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे लोकार्पण झाल्यापासून वाढलेल्या यात्रेकरूंसाठी एखाद्या प्रवासी कंपनीकडे आपली गाडी लावणारा चालक, अशांच्या नावे हा एक टक्का सरकारजमा होत राहतो आणि बहुधा तेथेच पडून राहतो. दीड लाखाच्या कमाईवर तो दीड हजार होतो. परंतु पॅन आधारशी जोडलेले नसेल, तर ते १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय गणले जाते, आणि मग कपात एक टक्क्याऐवजी वीस टक्क्यांनी होऊ शकते. त्याच दीड लाखावर ती तीस हजार होते. पॅन निष्क्रिय असेपर्यंत परतावाही मिळत नाही आणि त्या काळाचे व्याजही बुडते. जोडणीस आता हजार रुपये विलंबशुल्क पडते; आणि एका कागदावर ‘कमला’ व दुसऱ्यावर ‘कमलाबाई’ एवढ्या तफावतीनेही ती जोडणी अडून बसते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

याहून मोठी रक्कम भविष्यनिर्वाह निधीत अडकते. सुरक्षारक्षकाचा वा सफाई कामगाराचा ठेकेदार बदलला की तो कामगार जुन्या खात्यातील पैसा काढून मोकळा होतो, कारण हातात रोख येण्याची गरज नेहमीच उभी असते. नोकरीस पाच वर्षे पुरी झालेली नसतील आणि रक्कम ५०,००० रुपये वा त्याहून अधिक असेल, तर त्यातून दहा टक्के कर कापला जातो. तीच रक्कम न काढता नव्या ठेकेदाराकडील खात्यात वर्ग केली असती, तर आधीची नोकरीही पाच वर्षांच्या हिशेबात धरली गेली असती. ही एक गोष्ट कामगाराला वेळेवर सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्यासाठी नंतर विवरणपत्र भरण्याचीही गरज उरत नाही. म्हणून मी या कामातील सर्वांत मोलाचा भाग विवरणपत्र भरणे हा मानत नाही, त्याआधीचे बोलणे हाच मानतो.

बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर फ्रीगंजमधील एका मंडळाने वाचनालयाची खोली रविवारी सकाळी वापरू दिली, आणि दोघा-तिघा वाणिज्य पदवीधर तरुणांना सोबत घेऊन जून-जुलैच्या हंगामात मी तेथे बसू लागलो. मोबदला घ्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम होता. परंतु मोबदला न घेतल्याने साह्य निर्दोष होते असे नाही, हे आम्हांला जे दिसले त्यावरून लवकरच कळून आले.

नागझिरी भागातील एका कारखान्यात काम करणारा एक जोडारी टपालाने आलेली नोटीस घेऊन आमच्याकडे आला. जादा कामाच्या पैशांमुळे त्याचे त्या वर्षीचे उत्पन्न पाच लाखांच्या किंचित वर गेले होते आणि पगारातून कर कापला गेला होता. बसस्थानकाजवळच्या एका दलालाने त्याचे विवरणपत्र भरून दिले, राजकीय पक्षाला देणगी दिल्याचे आणि शैक्षणिक कर्जाचे व्याज फेडल्याचे त्यात दाखवले, आणि परतावा खात्यात आल्यावर त्याचा पाचवा हिस्सा रोख घेतला. “बाबूजी, पैसा तो आ गया था, फिर ये चिट्ठी कैसी?” असे तो विचारत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अपराध्याचा भाव नव्हता, निव्वळ गोंधळ होता. आम्ही त्याचे खाते उघडू पाहिले तेव्हा कळले की त्यावर नोंदलेला मोबाइल आणि ई-मेल पत्ता दोन्ही दलालाचे होते. आयकर खात्याने आधी पाठवलेल्या सूचना त्या पत्त्यावर येऊन न वाचता पडल्या होत्या आणि सुधारित विवरणपत्र देण्याची ३१ डिसेंबरची मुदत टळून गेली होती. त्याहून मनाला लागलेली गोष्ट पुढेच होती. घरच्या पेटीत मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या आणि आयुर्विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या होत्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या खऱ्या वजावटींनीच त्याचे उत्पन्न पाच लाखांच्या आत येऊन कर शून्य झाला असता. जो पैसा त्याला सत्याने मिळणार होता तो त्याला असत्याने मिळवून देण्यात आला, आणि त्याचा पाचवा हिस्सा त्यासाठी गेला. ते प्रकरण आमच्या खोलीच्या वकुबाबाहेरचे होते; म्हणून एका सनदी लेखापालांकडे आम्ही त्याला नेऊन पोचवले, आणि त्यांनी फी न घेता ते हाती घेतले.

ही एकट्या उज्जैनची व्यथा नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली तेव्हा अशाच दलालांच्या टोळ्या उघडकीस आल्या. त्यांत महाराष्ट्राबरोबर मध्यप्रदेशाचेही नाव होते, आणि केवळ विवरणपत्रे भरण्यापुरते ई-मेल पत्ते काढून नंतर ते टाकून दिले जात असल्याने सरकारी नोटिसा वाचल्याच जात नाहीत, असे खात्यानेच नमूद केले होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते. खोटी माहिती देऊन कर चुकवल्यास दंड चुकवलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो. आणि विवरणपत्र कोणीही भरून दिले तरी ते ज्याच्या नावाचे आहे तोच त्यास जबाबदार असतो, हे कामगाराला बहुधा कोणी सांगितलेलेच नसते.

आता जे कोणी अशा सेवेस बसू इच्छितात त्यांच्याशी बोलतो. माझ्या मते या कामातील मुख्य धोका आकडेमोडीत नाही, ताब्यात आहे. कामगार विश्वासाने मोबाइल पुढे करतो, ओटीपी वाचून दाखवतो, पासवर्ड तुम्हीच ठेवा म्हणतो, आणि साह्य करणारा कोणत्याही मुखत्यारनाम्यावाचून त्याचा मुखत्यार होऊन बसतो. आमच्यातील एका सद्हेतू तरुणाने पुढल्या वर्षी लोकांची अडचण होऊ नये म्हणून सर्वांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवण्यास आरंभ केला होता. ती वही मी त्याला त्याच दिवशी फाडायला लावली. खात्याची किल्ली घरधन्याच्याच कनवटीला राहिली पाहिजे. मोबाइल क्रमांक त्याचा, ई-मेल त्याचा, बँकखाते त्याचे. ई-मेल नसेल तर तो त्याच्यासमोर, त्याच्याच फोनवर काढून द्यावा आणि पासवर्ड त्याने वा त्याच्या शिकत्या मुलीने स्वतःच्या हाताने टंकावा. याला वेळ लागतो, रांग खोळंबते, लोक कंटाळतात. तरीही यात सवलत देऊ नये.

दुसरे, पावत्यांपूर्वी २६एएस हे कापलेल्या कराचे पत्रक आणि वार्षिक माहिती विवरण ही दोन्ही उघडून पाहावीत, कारण कामगाराला स्वतःच्या दोन ठेकेदारांपैकी एकच आठवतो आणि सरकारला दोन्ही ठाऊक असतात. कंत्राटाच्या मोबदल्याला पगार समजून आयटीआर-१ मध्ये भरणे ही वारंवार होणारी गफलत आहे. असे उत्पन्न धंद्याचे असून त्याला बहुधा आयटीआर-४ लागतो. पाठवलेले विवरणपत्र तीस दिवसांत पडताळले गेले नाही तर ते दाखलच झाले नाही असे मानले जाते. ज्याचा मोबाइल आधारशी जोडलेला नाही त्याच्याकडून सही केलेली पोच बंगळूरच्या केंद्राकडे टपालाने पाठवून घ्यावी, आणि तोपर्यंत काम झाले असे त्याला सांगू नये. आकडे मात्र दरवर्षी नव्याने शिकावेत. करमाफीची मर्यादा नव्या पद्धतीत २०२३-२४ पासून सात लाख आणि २०२५-२६ पासून बारा लाख झाली. मुदत साधारणपणे जुलैअखेर असली तरी २०२५ साली ती १६ सप्टेंबरपर्यंत लांबली. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतल्यामुळे पाठ असलेली कलमेही बदलली. गतवर्षीच्या ज्ञानावर यंदाचे साह्य करणाऱ्याने अजिबात साह्य न केलेले बरे.

तिसरे, नाही म्हणण्याची तयारी ठेवावी. शेजाऱ्याला चाळीस हजार परत मिळाले, मला चारच का, असे विचारणारा माणूस समोर बसलेला असतो, त्याची गरज खरी असते, आणि एखादा खोटा आकडा टाकणे हे दयेचे कृत्य वाटू लागते. त्या क्षणी कागद मिटावा. जाणूनबुजून खोट्या विवरणपत्रास साह्य करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे कारण आहेच. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की नोटीस येते तेव्हा ती त्याच्या घरी येते, आपल्या नव्हे.

अमेरिकेत १९६९ पासून आणि कॅनडात १९७१ पासून अल्प उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रे स्वयंसेवक विनामूल्य भरतात. अमेरिकेतील स्वयंसेवकाला आधी परीक्षा द्यावी लागते, आणि त्याने भरलेले प्रत्येक विवरणपत्र दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून गेल्यावाचून पुढे जात नाही. ही दुसरी नजर आम्हीही उचलली आणि तिने अनेक चुका वाचवल्या. आपल्याकडे २००६ साली विवरणपत्र-साहाय्यकांची योजना निघाली. परंतु तिच्यात साहाय्यकाला मिळणारे प्रोत्साहन नव्या करदात्याने भरलेल्या कराच्या तीन, दोन व एक टक्का अशा प्रमाणात होते, त्यामुळे ज्याला कर भरायचा नसून परत घ्यायचा आहे त्याच्याकडे वळण्याचे कारण त्या साहाय्यकाला उरले नाही. ती उणीव भरून काढणे हे मला नागरिकांचेच काम वाटते.

२०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे. मंडप, वाहने, सफाई, सुरक्षा यांची कंत्राटे निघतील, त्यांच्या देयकांतून कर कापला जाईल, आणि कापलेला पैसा ज्यांचा आहे त्यांतील पुष्कळांना त्याची वार्ताही नसेल. उज्जैनच्या मराठी घरांत बँक, कोषालय आणि लेखापरीक्षण यांत हयात घालवलेली माणसे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी आतापासून एकेक खोली मिळवावी, दोन-दोन तरुण हाताशी घ्यावेत, भिंतीवर खात्याचा १८०० १०३ ००२५ हा मदत क्रमांक लिहावा, आणि कामगारांचे पॅन व आधार जोडलेले आहे की नाही हे कंत्राटे निघण्याआधीच पाहून घ्यावे, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.